न्यग्रोधमृगाची गोष्ट आणि 'निरागस' हा शब्द

प्राण्यांच्या जुन्या कार्टूनपटांचा विषय निघाला की 'निरागस' हे विशेषण हमखास येते. ते बहुधा चुकीचे असते.

फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाचा 'द बनियन डीअर' हा लघुपट १९५७ चा. डिस्नेच्या 'बॅम्बी'वर काम केलेले क्लेअर वीक्स अमेरिकी तंत्रसाहाय्यातून भारतात आले होते. त्यांनी घडवलेल्या भारतीय चित्रकारांची ही पहिली मोठी कृती. एवढ्यावरून तिला 'भारतीय बॅम्बी' म्हणणे हा निव्वळ आळस होय. कथा न्यग्रोधमृग जातकातली आहे. वाराणसीच्या राजाला रोज एक हरीण हवे. दोन कळप पाळीपाळीने ते पुरवतात. एका गाभण हरिणीची पाळी येते. तिचा नायक म्हणतो, पाळी म्हणजे पाळी. दुसऱ्या कळपाचा नायक मात्र तिच्या जागी स्वतःची मान ठोकळ्यावर ठेवतो. यात निरागस काय आहे? हा सत्तेशी झालेला करार आहे, आणि त्याची किंमत कोणी मोजायची हा प्रश्न आहे.

वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. तेथल्या वाकाटकांच्या काळात अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात षड्दंत हत्ती आणि महाकपी रंगवले गेले, तेही एका मांडलिक राजाच्या दानातून. पाळणाघरासाठी नव्हे.

आधुनिक सत्तांनाही हे ठाऊक होते. १९५४ च्या 'अ‍ॅनिमल फार्म' या ब्रिटिश कार्टूनपटामागे सीआयएचा पैसा होता. ऑर्वेलच्या पुस्तकात शेवटी डुकरे कोण आणि माणसे कोण हेच कळेनासे होते. पडद्यावर मात्र प्राणी पुन्हा उठाव करतात. प्राणिकथा जर निरुपद्रवी असती, तर हेरखात्याने तिच्यात पैसा कशाला गुंतवला असता?

न्यग्रोधमृगाचाही शेवट सांगणारे सोयीने गाळतात. राजा अभय देतो आणि गोष्ट तेथे संपत नाही. निर्धास्त झालेली हरणे शेते फस्त करू लागतात. लोक दरबारी जातात. राजा शब्द फिरवत नाही. अखेर मृगनायकच कळपाला आवरतो आणि तोडगा निघतो: शेताभोवती पानांची खूण बांधायची, हरणांनी ती ओलांडायची नाही. अजिंठ्याची डोंगररांग पुढे बुलढाणा जिल्ह्यात येते, तेथे ज्ञानगंगा अभयारण्य आहे (त्या शब्दातले 'अभय' हेच). रोह्यांच्या भीतीने रात्रभर जागल करणाऱ्या तिथल्या शेतकऱ्याला ही कथा सांगावी. ठोकळ्यावरच्या मानेपाशी तो फार रेंगाळणार नाही. पानांच्या खुणेविषयीच विचारील.