थकलेल्या मल्लाच्या बाजूने कोण उभे होते?

कोलाडच्या नाक्यावरून दरवर्षी मार्चमध्ये निळे झेंडे लावलेल्या गाड्या महाडकडे जातात. त्या पाहताना मला एक कुस्ती आठवते. महाडचा आणि कुस्तीचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे.

१९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव बॅन्टमवेट गटात उतरले होते. जायलाही पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तिथे जपानच्या इशीशी दीर्घ झुंज देऊन खाशाबा दमले असतानाच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो बजावून सांगायला एकही भारतीय पदाधिकारी आखाड्याजवळ नव्हता! थकलेला मल्ल लढला आणि हरला. कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न हुकले आणि ऑलिम्पिकच्या आखाड्यातली त्यांची ती शेवटची कुस्ती ठरली. १९८४ मध्ये रस्ते अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० साली!

२ ऑक्टोबर १९८० रोजी लास वेगासमध्ये थकलेला महंमद अली लॅरी होम्सचे ठोसे खात होता. दहाव्या फेरीनंतर त्याचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली. अली हरला, पण त्याच्या कोपऱ्यात 'आता पुरे' म्हणणारा एक माणूस होता. खाशाबांच्या कोपऱ्यात कोणीच नव्हते.

खाशाबा आपल्या जातीचे नव्हते, शेतकऱ्याचे पोर होते. म्हणून ही कुस्ती आपली नाही असे मानण्याचे कारण नाही. नियम पुस्तकात असतो. तो बजावायला प्रतिनिधी नसेल तर तो कागदच राहतो. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदावर! पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब स्वतः तळ्यावर गेले तेव्हा. प्रतिनिधित्वासाठी बाबासाहेब आयुष्यभर का झगडले, याचे उत्तर त्या तळ्यावर आहे.

आज रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत असो की आणखी कुठे, एक पाळी संपवून दुसऱ्या पाळीला उभा केलेला कंत्राटी कामगार हा तसाच थकलेला मल्ल आहे. कामाचे तास, किमान वेतन, जादा कामाचा मोबदला, सारे कायद्यात आहे. पण ठेकेदारासमोर कायद्याचे पान उघडून 'हा नियम आहे' असे म्हणणारा कोण? शिष्यवृत्ती अडलेल्या विद्यार्थ्याचेही तेच.

महाडला जाऊन अभिवादन जरूर करा. परतताना मात्र प्रत्येक वस्तीने एवढे ठरवावे, की आपल्यातला एक शिकलेला तरुण कामगार कायदा आणि शिष्यवृत्तीचे नियम वाचून ठेवील आणि गरज पडेल तेव्हा अडलेल्याच्या शेजारी जाऊन उभा राहील. थकलेल्या माणसाला टाळ्या नकोत. त्याच्या हक्काचा अर्धा तास मागणारा माणूस त्याला हवा आहे.