शकुनाचा डाव आणि गावातली चोरी



सप्तव्यसनांची यादी आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. तिच्यात जुगार पहिला आणि चोरी सहावी. खिशातले पैसे संपले की जुगारी दुसऱ्याच्या पैशाकडे वळतो, म्हणून हा क्रम मला फार खरा वाटतो.

नंदुरबार, शहादा, नवापूर, कुठेही सट्ट्यावर छापा पडला की आपण म्हणतो, "ते लोक तसलेच." पेपरात जुगाराचे गुन्हे वाढले की गाव बिघडलं, कमी झाले की सुधारलं! अहो, १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा सहसा छापा पडल्यावरच नोंदला जातो. म्हणजे तो आकडा छाप्यांचा, जुगाराचा नव्हे. नवऱ्याने कपाटातल्या पाटल्या परस्पर गहाण टाकल्या, मुलाने दुकानाच्या गल्ल्यात हात घातला, याची फिर्याद कोण देतं? आपणच झाकतो. घरात पचलेली चोरी मग शेजाऱ्याच्या दारी जाते.

आणि "ते लोक" कोण? मटका निघाला तोच व्यापाराच्या आकड्यांतून. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर पैसे लावत. ते १९६१ मध्ये थांबलं आणि पुढच्याच वर्षी वरळीत कल्याणजी भगत यांचा मटका सुरू झाला. त्यांचा मुलगा सुरेश भगत यांचा २००८ मध्ये अपघाताचा बनाव करून खून झाला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांची पत्नी आणि मुलगा यांनाही दोषी ठरवलं. हा पैसा घरातलं माणूसही ओळखत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने बंदीचा कायदा केला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याला आवरायचं काम घराचंच.

पण आपण करतो काय? लक्ष्मीपूजनाच्या रात्री "शकुन" म्हणून तीन पत्तीचा डाव मांडू देतो आणि फराळाची ताटं पुरवतो. ती रात्र महावीर स्वामींच्या निर्वाणाची! शेजारी बसलेलं दहा वर्षांचं पोर तिथेच शिकतं, की पैसा न कमावताही येतो.

या दिवाळीत डाव बसला तर ताट नेऊ नका, पत्ते उचलून ठेवा. आणि घरातून पैसे जात असतील तर झाकू नका, मोठ्यांसमोर बोला. अब्रू झाकण्याने राहत नाही, घर मात्र जातं.