खारघरचा उपचार कुणाच्या पैशानं उभा राहिला?

पेण-रोह्याच्या आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर अधूनमधून एक संदेश फिरतो. कॅन्सरच्या नव्या उपचारात एचआयव्हीचा विषाणू शरीरात सोडतात, जनुकं बदलतात, प्रयोगाला गरिबांनाच धरतात. शिकलेले कार्यकर्तेही तो न वाचता पुढे पाठवतात. बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्यांनी आधी तपासावं, मग बोलावं.

विषाणूला एकच काम उत्तम जमतं, पेशीत शिरून आपला मजकूर तिच्या गाभ्यात ठेवणं. शास्त्रज्ञांनी एचआयव्हीच्या कुळातल्या विषाणूची रोग करणारी आणि स्वतःची संख्या वाढवणारी जनुकं काढून टाकली आणि त्या जागी हवं ते जनुक बसवलं. उरलं ते फक्त वाहन. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढतात, प्रयोगशाळेत हे वाहन त्यांच्यात नवं जनुक पोचवतं, मग त्याच पेशी रुग्णाला परत देतात. त्या कर्करोगाच्या बी-पेशी ओळखून मारतात. याला कार-टी म्हणतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलनं मिळून बनवलेल्या भारतातल्या पहिल्या कार-टीला, नेक्सकार-१९ला, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या चाचण्यांचं मोठं काम खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये झालं. खारघर म्हणजे आपलाच रायगड जिल्हा. रोह्याहून दिव्याची गाडी पकडा, पनवेलला उतरा, पुढे लोकलनं काही मिनिटं.

भीती मात्र सगळी खोटी नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा विषाणू-वाहनाच्या चाचणीत दगावला. आपल्याकडे २००९-१० मध्ये खम्ममच्या आदिवासी मुलींवर एचपीव्ही लशीचा प्रकल्प राबवला, तेव्हा संमतीच्या कागदांवर वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केल्या. २०१३ मध्ये संसदीय समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. म्हणून संमती मराठीत हवी, कातकरी बोलीत समजावलेली हवी. ती मागणी रेटायला हवी. तंत्रज्ञानालाच शिव्या घालणं हा त्याला पर्याय नाही.

आता खऱ्या प्रश्नाकडे या. या उपचाराची किंमत चाळीस लाखांच्या घरात आहे. वर्तमानपत्रं आनंदानं लिहितात की अमेरिकेच्या मानानं हे किती स्वस्त! तिथे २०१७ मध्ये पहिली कार-टी आली ती ४,७५,००० डॉलरला. पण तुलना कुणाशी करायची? धाटाव एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराची मजुरी रोज पाचशे धरली तरी ही आठ हजार दिवसांची मजुरी होते. महात्मा जोतिराव फुले योजनेचं मूळ संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख. पेणच्या वाडीवरून वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबाशी तर हिशोब मांडायलाही लाज वाटते.

आणि पैसा कुणाचा? टाटा मेमोरियल केंद्र अणुऊर्जा विभागाखाली, आयआयटी केंद्र सरकारची, संशोधनाला जैवतंत्रज्ञान विभागाचं पाठबळ. विक्री मात्र आयआयटीतूनच निघालेल्या इम्युनोअॅक्ट कंपनीकडे.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवी नाही. १९२३ मध्ये बोले यांचा ठराव झाला, की सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे अस्पृश्यांना खुले असतील. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये तो मान्यही केला. तरी २० मार्च १९२७ला बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावं लागलं, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. कागदावर तळं सगळ्यांचं होतंच. नेक्सकारही कागदावर सगळ्यांसाठीच आहे.

कुणी म्हणेल, आधी उपजिल्हा रुग्णालयात डॉक्टर द्या, मग जनुकांचं बोला. वेगळी विहीर घ्या आणि गप्प बसा, असं सांगणारेही तेव्हा होते. डॉक्टर हवेतच. पण विदर्भातल्या आपल्या बौद्ध आणि आदिवासी घरांत सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यावर अशाच विषाणू-वाहनाची लिफजेनिया डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, किंमत ३१ लाख डॉलर. तिच्यावर रक्तकर्करोगाच्या धोक्याचा ठळक इशाराही आहे, तोही आपल्या लोकांना सांगायला हवा. आज खारघरच्या किमतीवर गप्प बसलो, तर उद्या सिकलसेलचा उपचार इथे आला तरी तो आपल्या दारावरून पुढे जाईल.

कायदा हाताशी आहे. पेटंट कायद्याच्या कलम ८४ खाली २०१२ मध्ये नॅटकोला नेक्साव्हरचा सक्तीचा परवाना मिळाला आणि महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८०० वर आला. पेशींचा उपचार गोळीसारखा नसतो, प्रत्येक रुग्णासाठी वेगळा बनवावा लागतो, हे मान्य. म्हणूनच खरा उत्पादनखर्च किती आणि नफा किती, हे उघड व्हायला हवं.

पेण आणि रोह्याच्या शाखांनी १४ एप्रिलच्या डीजेच्या वर्गणीतून दहा रुपये बाजूला काढावेत. माहिती अधिकाराच्या अर्जाची फी तेवढीच आहे. अर्जात तीन प्रश्न विचारा. तंत्रज्ञान कंपनीला कोणत्या अटींवर दिलं? किमतीवर काही बंधन घातलं का? आतापर्यंत किती रुग्णांना हा उपचार मोफत किंवा सवलतीत मिळाला? उत्तर येवो वा न येवो, अर्जाची पोच इथे टाका. न आल्यास तीस दिवसांनी पहिलं अपील करू.

जय भीम.