तेल चढलं म्हणून बाजार पडतो?

कच्चं तेल भडकलं की बाजार उघडण्याआधीच वृत्तवाहिन्यांवर आणि टिप्सच्या ग्रुपवर एकच पालुपद सुरू होतं: रंग, टायर आणि विमान कंपन्यांचे शेअर विका, देशात तेल काढणाऱ्या ओएनजीसीचे घ्या. भारत गरजेच्या 85 टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो, त्यामुळे या सल्ल्यात तथ्य नाही असं कुणी म्हणणार नाही. पण ते अर्धंच आहे आणि त्या अर्ध्यावर विसंबून किरकोळ गुंतवणूकदार आपली पुंजी लावतो, ही काळजीची गोष्ट आहे.

2003 ते 2007 या काळात तेल 30 डॉलरच्या आसपासून शंभरीच्या उंबरठ्यावर गेलं आणि त्याच काळात सेन्सेक्स 3 हजारांवरून 20 हजारांवर पोहोचला. जगभर मागणीला उधाण आलं होतं. तेल त्यामुळेच महागत होतं आणि कंपन्यांचे नफेही त्याच मागणीवर वाढत होते. मार्च 2020 मध्ये नेमकं उलट घडलं. तेल मातीमोल होत असतानाच 23 मार्चला सेन्सेक्स 3,934 अंकांनी, म्हणजे एका दिवसात 13 टक्क्यांनी कोसळला. ती स्वस्ताई मागणी आटल्याची खूण होती.

म्हणजे तेल का हललं, हे आधी विचारायला हवं.

त्यात भर पडते भीतीची. कच्च्या मालाची दरवाढ कंपनीच्या नफा-तोट्यात उतरायला तिमाही जाते. शेअरचा भाव मात्र काही मिनिटांत पडून मोकळा होतो. 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला, ब्रेंट तेलाने शंभरी ओलांडली आणि सेन्सेक्स 2,702 अंकांनी घसरला. पुढे 31 मार्चला सेन्सेक्स 58,568 वर बंद झाला, हल्ल्याच्या आदल्या दिवसापेक्षाही वर. तेल तेव्हाही 100 डॉलरच्या पुढेच होतं. महागाई जागच्या जागी होती, ओसरली होती ती धास्ती. पहिल्या दिवशी घाबरून विकलेल्यांचा तोटा मात्र कायमचा झाला.

ओएनजीसी घेणाऱ्यांचं तरी भलं झालं का? 1 जुलै 2022 रोजी सरकारने देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावर टनामागे 23,250 रुपयांचा कर लावला आणि तो शेअर त्याच दिवशी 13 टक्क्यांच्या आसपास आपटला. पेट्रोल पंपावरचे दर दाबून धरल्याने हिंदुस्तान पेट्रोलियमला एप्रिल ते जून 2022 या तिमाहीत 10 हजार कोटींहून अधिक तोटा झाला. तेलाचा फटका कुणाच्या पदरात टाकायचा, हे आपल्याकडे दिल्लीत ठरतं. त्या निर्णयाचा आलेख कुठल्याही ॲपवर मिळत नाही.

सर्वांत मोठा घाव मात्र शेअर बाजारात नव्हे, मुंबईच्या एमसीएक्स या वायदे बाजारात बसला. 2020 च्या टाळेबंदीमुळे तिथले व्यवहार संध्याकाळी पाचला बंद होत होते. 20 एप्रिल 2020 हा कच्च्या तेलाच्या एप्रिल वायद्याचा शेवटचा दिवस. पाच वाजता भाव होता 965 रुपये पिंप. मग रात्री साठवायला जागा उरली नाही या भीतीने न्यूयॉर्कच्या बाजारात तेल शून्याखाली गेलं, उणे 37.63 डॉलरवर. एमसीएक्सचा वायदा त्याच भावाने मिटवला जातो, म्हणून इथला हिशेब उणे 2,884 रुपयांनी झाला. ज्याने 965 ला 100 पिंपांचा एक लॉट घेऊन ठेवला होता, त्याच्या नावावर 3 लाख 84 हजार 900 रुपयांचं देणं लागलं. पाच वाजता त्या लॉटची पूर्ण किंमत होती 96,500 रुपये. बाहेर पडायचं म्हटलं तर बाजारच बंद होता.

भाव उणे झाले तरी व्यवहार चालवण्याची तयारी न्यूयॉर्कच्या बाजाराने काही दिवस आधीच जाहीर केली होती. ती बातमी इथल्या छोट्या ग्राहकापर्यंत ठळकपणे पोहोचवणं बाजाराचं आणि ब्रोकरचं काम होतं. वायद्यात उतरणाऱ्याला तोटा भरलेल्या रकमेच्या किती पट होऊ शकतो, हे खातं उघडतानाच, त्याच्या भाषेत, आकड्यानिशी लिहून देण्याची सक्ती बाजार नियामक सेबीने करायला हवी.