कोविडोत्तर मानसिक आघात : माजी सैनिकांच्या अनुभवाचा उपयोग करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

22 मार्च 2020 रोजी देशाने थाळ्या वाजवून आरोग्य कर्मचाऱ्यांना योद्धे ठरवले. लढाई संपल्यावर योद्ध्याचे काय होते, ते माजी सैनिकांना ठाऊक आहे. म्हणून सातारा जिल्ह्यातील माजी सैनिक, परिचारिका आणि आशा सेविका हे निवेदन एकत्रितपणे सादर करीत आहेत.

व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी 1970 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आपापसांत बोलण्याच्या बैठका सुरू केल्या. रॉबर्ट लिफ्टन यांच्यासारखे मनोविकारतज्ज्ञ तिथे येऊन बसत. बैठक मात्र सैनिकांचीच. 1979 पासून सरकारने रुग्णालयाबाहेर, बाजारातल्या साध्या गाळ्यांत समुपदेशन केंद्रे उघडली. आघातोत्तर तणाव विकाराला मनोविकारांच्या निदानपुस्तिकेत जागा मिळाली ती त्यानंतर, 1980 मध्ये.

आपल्याकडेही दोन माजी सैनिक भेटले की पहिला प्रश्न असतो, ‘कुठली पलटण?’ उत्तर मिळाले की पुढचे आपोआप निघते. कोविड कक्षातल्या परिचारिकेला असे विचारणारे कोणी नाही. बेड एक आणि रुग्ण दोन, अशा रात्री तिने काढल्या. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह नातेवाइकांना लांबून दाखवला. व्हिएतनामच्या सैनिकांवर उपचार करताना अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ डॉ. जोनाथन शे यांना भीतीपलीकडची, जे योग्य ते डावलले गेल्याची जी नैतिक जखम दिसली, ती हीच.

फौजेचे सगळेच घेऊ नये, हेही माजी सैनिकच सांगतात. मेडिकल कॅटेगरी खालावेल या धास्तीने तिथे अनेक जण झोप उडाल्याचे लपवतात. कंत्राटी परिचारिकेला तर नोकरीचीच धास्ती.

तरी प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाच्या आवाराबाहेर दरमहा एक बैठक व्हावी. ती प्रशिक्षित माजी सैनिक आणि कोविड कक्षात काम केलेल्या कर्मचाऱ्याने मिळून चालवावी. मानसोपचारतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असावा. बैठकीची वेळ कामाचीच धरावी, आशांना त्याचा मोबदला मिळावा आणि कोण काय बोलले याची नोंद सेवापुस्तकात जाऊ नये. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहेच, पण फोन उचलण्याआधी शेजारी बसणारे माणूस लागते.

बोलण्याइतकेच गेलेल्यांचे स्मरणही गरजेचे आहे. पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावलेल्या आमच्या जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) गावात त्यांचे स्मारक आहे. कोविडने गेलेल्या कित्येकांचे धड दिवसकार्यही झाले नाही. ग्रामसभेत वर्षातून एकदा त्यांची नावे वाचली जावीत, असे परिपत्रक ग्रामविकास विभागामार्फत काढावे.

आपले विश्वासू,
निवेदनकर्ते

प्रत माहितीस्तव : जिल्हा शल्यचिकित्सक, सातारा, जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, सातारा.