चावी कोणी दिली?

उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवतो. गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला निबंधाचा विषय दिला होता, 'माझ्या घराजवळचा रस्ता'. गाईडमधून उतरवता येणार नाही असा विषय दिला की आमच्या मुलांची मराठी अडखळते, पण खरी होते. वह्या तपासताना एका मुलाच्या वहीत हे वाचले : "मी रोज गाडी चालवतो. अब्बू चावी देतात. सिग्नलला पोलिस असतो म्हणून मी मागच्या गल्लीतून जातो. आम्ही तिघे बसतो."

मी लाल पेनाने 'पोलिस'ची वेलांटी दीर्घ केली, दहापैकी सात गुण दिले आणि पुढची वही उघडली. दोन वह्या तपासून झाल्यावर हात थांबला. मुलगा चौदा वर्षांचा. त्याने चार वाक्यांत तीन गुन्हे लिहून दिले होते आणि मास्तरांनी वेलांटी दुरुस्त केली होती.

त्या वहीने मला बरेच दिवस छळले. आज त्याबद्दलच लिहितो आहे.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात काय झाले ते आपल्याला आठवत असेल. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे गाडी, आणि मोटारसायकलवरून जाणारे दोन तरुण अभियंते जागीच ठार. बाल न्याय मंडळाने जामीन देताना त्या मुलाला अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले, तेव्हा सारा देश चिडला. आमच्या स्टाफरूममध्येही तेच चालले होते. "पैसेवाल्यांसाठी कायदा वेगळा," असे सगळे म्हणत होते. मीही म्हणालो. तो राग चुकीचा नव्हता. पण पोर्शेची चावी जशी घरातून मिळाली, तशीच आमच्या गल्लीतल्या ॲक्टिवाचीही मिळते. गाड्यांच्या किमतीत कोटींचा फरक आहे. बापाच्या चुकीत फरक किती, हे मात्र मला सांगता येत नाही.

मी कुर्ला पश्चिमेला राहतो. रस्त्यावरचा मृत्यू काय असतो हे आम्हाला वर्तमानपत्रातून कळावे लागत नाही. ९ डिसेंबर २०२४, सोमवार, रात्री साडेनऊच्या सुमारास स्टेशनवरून निघालेली बेस्टची इलेक्ट्रिक बस एस. जी. बर्वे मार्गावर बेफाम सुटली. वाटेत येतील त्या रिक्षा, मोटारी, माणसे चिरडत गेली. सात जणांचे मृत्यू दुसऱ्या दिवशीच जाहीर झाले, नंतर उपचार सुरू असताना आणखी काही गेले. चाळीसहून अधिक जखमी झाले. कोणी ड्युटी संपवून घरी येत होते, कोणी ड्युटीवर निघाले होते. बस भाडेकरारावरची होती, चालक कंत्राटी होता, आणि अशी बस चालवण्याचे त्याचे प्रशिक्षण तुटपुंजे होते असे बातम्यांतून पुढे आले. काही दिवस स्टेशनपर्यंत बस येणे बंद झाले, फेरीवाले उठवले गेले. मग हळूहळू सगळे होते तसे झाले.

म्हणून आधीच सांगतो, रस्त्याचा सगळा दोष आपल्याच लोकांवर टाकण्यासाठी मी हे लिहीत नाही. फुटपाथ नसेल तर माणूस गाड्यांमधूनच चालणार. शाळेसमोर झेब्रा पट्टे पुसले गेले असतील तर सात वर्षांच्या पोराने रस्ता कुठून ओलांडायचा? चालकाला पुरेसे न शिकवता बारा मीटरची बस गर्दीच्या रस्त्यावर पाठवणाऱ्यांना जाब विचारलाच पाहिजे. आपल्या वस्त्यांच्या वाट्याला रस्ता शेवटी येतो आणि कचऱ्याचे डंपर आधी येतात, ही तक्रार जुनी आहे आणि खरी आहे.

पण ती तक्रार करताना आपण एका हाताने बोट दाखवतो आणि दुसऱ्या हाताने पोराला चावी देतो. बोलायचे आहे ते या दुसऱ्या हाताबद्दल.

आकडे पाहा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्त्यावर मेली. महाराष्ट्रात १५ हजारांहून जास्त. देशभरातल्या मृतांमध्ये दर शंभरात चौवेचाळीस दुचाकीवरचे होते आणि एकोणीस-वीस पायी चालणारे. म्हणजे शंभरातले साठाहून अधिक लोक असे, ज्यांच्याभोवती लोखंडी पत्राही नव्हता. हे आपणच आहोत. आपण बहुतेक दुचाकीवर असतो, नाही तर पायी.

आता कायदा पाहू. अठरा वर्षांखाली गिअरची किंवा आजकाल घरोघरी असते ती स्कूटर चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी जो परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचा, आणि अशी गाडी आपल्या गल्लीत शोधूनही सापडणार नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या पंचवीस वर्षांपर्यंत परवाना नाही. हे शेवटचे कलम मी पालकसभेत सांगतो तेव्हा बापांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलतो. ज्या घरातला मुलगा उद्या डिलिव्हरी करून, रिक्षा किंवा टेम्पो चालवून घर चालवणार आहे, त्या घरासाठी दंडापेक्षा ही शिक्षा मोठी आहे.

विम्याचेही ऐकून ठेवा. परवाना नसलेल्याच्या हातून कोणी जखमी झाले किंवा मेले, तर विमा कंपनीने भरपाई दिली तरी ती गाडीमालकाकडून वसूल करू शकते. एका संध्याकाळच्या "जरा जाऊन ये"पायी राहती खोली विकायची पाळी येऊ शकते.

या सगळ्यावर ठरलेले उत्तर येते, "सर, इथल्या इथेच तर जातो." हे उत्तर मला चांगले ओळखीचे आहे, कारण मी स्वतः ते दिले आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी, तेव्हा मी दुसऱ्या शाळेत होतो, सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिका झेरॉक्सवाल्याकडे राहिल्या होत्या. घंटा व्हायला वीस मिनिटे होती. दहावीतला एक हुशार, चुणचुणीत मुलगा समोर उभा होता. "सर, मैं लेके आता हूं, गाडी आती है मुझे." मी खिशातून माझ्या स्कूटरची चावी काढून दिली. दुकान इथल्या इथेच होते. वळणावर टेम्पो आला. मुलगा वाचला, अल्हमदुलिल्लाह, पण मांडीचे हाड मोडले आणि त्या वर्षीची बोर्डाची परीक्षा बुडाली.

त्याचे वडील दवाखान्यात मला म्हणाले, "सर, तुम्ही काय करणार, नशिबात होते." त्यांनी माझ्यावर उपकार केले असे तेव्हा वाटले. मी मान खाली घालून "जी" म्हणालो. चावी मी दिली होती हे शाळेत कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे. तो नशिबाचा दोष नव्हता, माझा होता. एका भल्या माणसाने नशिबाचे नाव घेतले आणि मी त्याच्या मागे लपलो.

तकदीर हा शब्द आपण असा किती ठिकाणी वापरतो याचा विचार करा. तकदीरवर ईमान हा आपल्या श्रद्धेचा भाग आहे. पण त्याच दीनमध्ये तदबीरही आहे. तिर्मिझीतली हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे एकाने विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, असे सांगितले. हेल्मेट घालणे म्हणजे उंट बांधणेच. चावी कपाटात ठेवणेही तेच. रस्त्यातून त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा भाग असल्याचे आपण मुलांना मकतबमध्ये शिकवतो, दगड आणि काटे उचलण्याची उदाहरणे देतो. गजबजलेल्या गल्लीत साठच्या वेगाने येणारे चौदा वर्षांचे पोर ही आजच्या रस्त्यातली दगडापेक्षा मोठी त्रासदायक वस्तू आहे, हे मात्र सांगत नाही. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, एवढे विज्ञान आठवीच्या मुलालाही समजावता येते. म्हणूनच जिथे माणसे आणि गाड्या एकत्र चालतात तिथे ताशी तीसपेक्षा जास्त वेग नको, असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे.

शबे-बरातच्या रात्रीचे काय? ती इबादतची रात्र, मगफिरत मागण्याची रात्र. दरवर्षी त्या रात्री पोरे तिघे-तिघे बसून सायलेन्सर काढलेल्या गाड्या पळवतात, दरवर्षी पोलीस आणि मशिदी आवाहन करतात. आजोबांच्या कबरीवर फातिहा पढायला निघालेले पोर स्वतःच कब्रस्तानात पोहोचायला नको, एवढी काळजी त्याला घरातून बाहेर सोडणाऱ्याने करायला हवी.

आणखी एक गोष्ट, अपघात झाल्यानंतरची. आपल्याकडे मय्यत लवकर दफन करण्याची घाई असते आणि पोस्टमॉर्टेम नको असते. ही भावना मी समजतो. जखमी असेल तर मोहल्ल्यातले चार मोठे बसून मांडवली करतात, वीस-पंचवीस हजारांत विषय मिटवतात. पण पोलीस नोंद नाही, पंचनामा नाही, पोस्टमॉर्टेमचा कागद नाही, तर मोटार अपघात न्यायाधिकरणात विधवेचा दावा उभा राहणे फार कठीण. ठोकणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरीही १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर जखमीसाठी पन्नास हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. न्यायाधिकरणातल्या दाव्यासाठी कायद्यात आता सहा महिन्यांची मुदत आली आहे, म्हणून चाळिसाव्यानंतर बघू, असे करत बसू नका. यतीम मुलांचा हक्क आपल्या घाईने बुडवला तर त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल.

आणि जखमीला उचलायला घाबरू नका. पोलिसांचे लचांड मागे लागेल म्हणून लोक मोबाइलवर व्हिडिओ काढतात आणि निघून जातात. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आणि २०१९ च्या कायद्यानंतर मदत करणाऱ्याला नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्तासाठी पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतच्या बिनपैशाच्या उपचाराची केंद्राची योजनाही लागू झाली आहे. हे आपल्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक मेडिकलवाल्याला आणि रिक्षावाल्याला ठाऊक असले पाहिजे.

मग करायचे काय? मशिदींच्या कमिट्यांनी महिन्यातून एका जुम्म्याला बयानमध्ये पाच मिनिटे या विषयाला द्यावीत. शाळांनी प्रवेशाच्या वेळी पालकांकडून लिहून घ्यावे की मूल गाडी चालवत येणार नाही, आणि गेटबाहेर कोपऱ्यावर लावलेल्या गाड्यांकडे शिक्षकांनी डोळेझाक करू नये. आणि याच पालकांच्या सह्या घेऊन महापालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी मागणी करावी : शाळेसमोर झेब्रा पट्टे, गतिरोधक, चालता येईल असा फुटपाथ, आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी जड वाहनांना बंदी. अर्जाची पोच घ्यावी आणि महिन्याने परत जावे. आपल्या घरातल्या चाव्या आपण आवरल्या असतील तर ही मागणी करताना आपला आवाजही खणखणीत निघेल.

त्या वहीतल्या मुलाच्या वडिलांना मी शेवटी शाळेत बोलावले. त्यांचे बॅगा शिवण्याचे छोटे कारखान्याचे काम आहे. वही वाचून ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, माल पोहोचवायला माणूस ठेवला तर महिन्याला बारा हजार जातात. एवढे उरतच नाहीत." माझ्याकडे त्याला तयार उत्तर नव्हते. मी त्यांना कलम सांगितले, पंचवीस वर्षांपर्यंत परवाना नाही हे सांगितले. आणि मग माझ्या स्कूटरची ती गोष्टही सांगितली. कलमापेक्षा त्यांनी ती जास्त लक्ष देऊन ऐकली.

जाताना ते म्हणाले, "शेजारच्या कारखान्याचा टेम्पो जातो, त्याच्याशी बोलून बघतो." काही दिवस तो मुलगा शाळेत चालत आला. परवा पुन्हा कोपऱ्यावर गाडीजवळ दिसला. विचारल्यावर म्हणाला, "सर, मामूची आहे." आता मामूंना भेटायचे आहे. तुमच्या घरातही एखादे असे मूल असेल. आज रात्री त्याच्या अब्बूंशी, मामूंशी, भाईजानशी बोला. आणि मराठीच्या मास्तरांनो, वेलांटी दुरुस्त करण्याआधी वाक्य एकदा वाचा.