घरमालकाचा शब्द आणि भाडेकरूची पावती

भाडेकरू आणि घरमालक यांच्यातील तंटे पुष्कळदा न्यायालयात हरले जात नाहीत. ते त्यापूर्वीच, चाळीच्या ओट्यावर, चार माणसांच्या साक्षीने झालेल्या तोंडी तडजोडीत हरले जातात. विठ्ठलवाडीसारख्या वस्तीत, जेथे कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर या दोन महानगरपालिकांच्या हद्दी एकमेकींस लागून आहेत, ही गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. बापाची खोली मुलाकडे आली, ती बहुधा कागदावाचून. मालक ओळखीचा आणि स्वभावाने बरा. त्याच्याकडे पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे वाटत राहिले. पुढे तो मालक वारला, त्याच्या मुलांनी जागा बिल्डरला देण्याचे ठरविले, आणि तेव्हा उमगले की इतकी वर्षे भाडे भरल्याचा एकही पुरावा आपल्यापाशी नाही.

बांधवांनो, पावती ही मालकाची मेहेरबानी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आहे. या कायद्याने पैसे घेतेवेळीच लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक केले आहे. करार लेखी व नोंदलेला असावा आणि तो नोंदविण्याची जबाबदारी मालकाची, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. नोंदणी झाली नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणेच, त्याविरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही’ हा समज आपल्या राज्यात सर्वस्वी चुकीचा आहे.

मात्र ज्यास आपण भाडेपावती समजतो, तो कागद पुष्कळदा लीव्ह अँड लायसन्सचा असतो. त्याने भाडेकरूचा हक्क मुळी उत्पन्नच होत नाही. मुदत संपली की जागा सोडावी लागते; न सोडल्यास ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई देणे पडते. सक्षम प्राधिकाऱ्याचे समन्स आल्यापासून 30 दिवसांच्या आत शपथपत्र करून बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही, तर तोंड उघडण्याचीही संधी उरत नाही. सही करण्यापूर्वी तो कागद कोणाकडून तरी वाचवून घ्यावा.

तंटा सुरू होताच आपली माणसे पहिली चूक करतात ती अशी, की रागाच्या भरात भाडेच थांबवितात. छप्पर गळते, मालक दुरुस्ती करीत नाही, म्हणून भाडे बंद! असे करणे म्हणजे मालकाच्या हाती आपण होऊन शस्त्र देणे होय. जो भाडे देतो किंवा देण्यास तयार आहे, त्यास थकबाकीच्या कारणावरून काढता येत नाही. थकले तरी लेखी मागणीनंतर 90 दिवस जाऊ दिल्याशिवाय मालकास दावा लावता येत नाही. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांच्या आत सर्व थकबाकी, दरसाल शेकडा 15 व्याज आणि खर्च न्यायालयात भरून पुढील भाडे नियमित देत राहिल्यास त्या कारणावरून हुकूमनामा होत नाही. मालक भाडे घेत नसेल तर ते मनीऑर्डरने किंवा बँकेतून पाठवावे व त्याची पोच जपावी. पाणी किंवा वीज तोडणे हा तर गुन्हा आहे.

मालकाचीही एक बाजू आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुंबईच्या 1947 च्या भाडे कायद्याने जुनी भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून ठेवली होती. कालौघात ही तरतूद गैरवाजवी ठरली, असे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये म्हटले. आज कायदा मालकास दरसाल शेकडा 4 वाढ देतो. ती विनातक्रार द्यावी.

वकिलाच्या फीच्या भीतीने वस्तीतील दादांकडे धाव घेण्याचे तर काहीच कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 अन्वये स्त्रियांस आणि अनुसूचित जातींच्या व्यक्तींस उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीने बौद्ध झालेले आपले बांधव त्या यादीत आहेत. जातीचा दाखला घेऊन कल्याणच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जावे. लोकअदालतीतही तंटा मिटतो, पण तेथील निवाड्यावर अपील नाही, हे सही करताना ध्यानात असू द्यावे.

आडनाव ऐकून खोली नाकारणाऱ्यांविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहण्यास आडकाठी करणे 1955 च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. तथापि ‘खोली आधीच दिली’ एवढे म्हणून मालक सुटतो, आणि हा गुन्हा शाबीत करणे किती अवघड असते हे वकिलीत पाऊल टाकलेल्या कोणासही ठाऊक आहे.

सर्वांत निकडीचा प्रश्न आहे तो धोकादायक इमारतींचा. जुलै 2015 मध्ये याच महानगरपालिकेच्या हद्दीत, ठाकुर्ली येथे, जुनी इमारत कोसळून 9 माणसे मृत्युमुखी पडली. नोटीस आली तरी माणसे घर सोडीत नाहीत. कारण एकदा बाहेर पडलो की हक्क गेला, ही धास्ती. परंतु सांगलीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये निर्णय दिला आहे की महानगरपालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरार संपत नाही. तेव्हा हक्कासाठी ढिगाऱ्याखाली बसून राहण्याची गरज नाही. नोटीस येताच, इमारत पाडण्यापूर्वी आपल्या खोलीचे मोजमाप करून त्याची नोंद भाडेकरूच्या नावाने व्हावी, असा अर्ज महानगरपालिकेकडे द्यावा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्यावा, आणि मग मुलाबाळांसह त्याच दिवशी बाहेर पडावे.